टेन्शन घेऊ नका म्हणता, आधी संडास कुठाय ते सांगा

बदलापूर ते सीएसएमटी, कुठल्या स्टेशनात कुठल्या प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला संडास आहे, त्यातला कुठला सकाळी साडेसातला उघडा असतो, कुठल्याच्या दाराला कडी नाही आणि कुठल्याच्या बाहेर बसलेला माणूस सुट्टे नसले की हुज्जत घालतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. बाकी लोकांना गाड्या पाठ असतात, मला हे. फास्ट लोकल समोर उभी असली तरी मी सोडून देतो, कारण ठाणे सुटल्यावर मधे कळ आली तर घाटकोपर येईपर्यंत करायचं काय, आणि आपल्या लोकलमध्ये संडास नसतो हे तर सगळ्यांना माहितीच आहे, म्हणजे कसाऱ्याहून येणारा माणूस शंभरावर किलोमीटर, अडीच तास, बिनसंडासचा प्रवास रोज करतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. मी स्लो पकडतो. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात पण दर तीन-चार मिनिटांनी दाराबाहेर एक प्लॅटफॉर्म येतो, तेवढ्यावर पोट शांत राहतं.

हे वेड एकट्या माझंच आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग कळलं की जपानमध्ये याला चक्क नाव आहे, 'प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीचा आजार' अशा अर्थाचं. तिथल्या नोकरदारांनाही सकाळच्या गाडीत पोटात मुरडा येतो आणि तेही जलद गाडी सोडून धीमी धरतात. वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू, म्हणजे आजार तोच होता पण टोकियोत कुणीतरी माझ्यासारखंच दाराजवळची जागा धरून घाम पुसत उभं आहे, या कल्पनेनेच अर्धं ओझं उतरलं.

तर हा आजार म्हणजे आयबीएस, इरिटेबल बाऊल सिंड्रोम. २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे व्याख्या अशी की गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतं, आणि ते दुखणं शौचाला जाण्याशी, किंवा किती वेळा जावं लागतं त्यातल्या बदलाशी, किंवा शौचाच्या घट्ट-पातळपणातल्या बदलाशी जोडलेलं असतं (तिन्हीपैकी दोन तरी हवेत), आणि हे सगळं सुरू होऊन सहा महिने झालेले असतात. काहींना जुलाब, काहींना बद्धकोष्ठ, काहींना आज हे उद्या ते. आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण नेटवर वाचून लोक स्वतःच डॉक्टर होतात: शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, ताप येत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालं असेल तर आयबीएस म्हणून घरी बसू नका, आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे, बाकीही बरंच काही असू शकतं. आधी तपासण्या करा.

माझ्या झाल्या. रक्त, शौच, सोनोग्राफी, वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, थायरॉइड. फाइल एवढी जाड झाली की आईने तिला वेगळी पिशवी केली. आणि शेवटी डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, काही झालेलं नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." बाहेर आलो तेव्हा खरंतर पेढे वाटायला हवे होते, कॅन्सर नाही, काही नाही. पण मला रडू आलं. कारण काही झालेलं नाही म्हटल्यावर मग जे रोज होतंय ते काय आहे? घरी येऊन सांगितलं तर आईच्या चेहऱ्यावर सुटका आणि बायकोच्या चेहऱ्यावर "मी म्हणतच होते", आणि त्या दिवसापासून माझं दुखणं घरात 'मनाचं' म्हणून जाहीर झालं. मनाचं म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकाचं. खरं दुखणं ते ज्याचा फोटो निघतो.

माझं म्हणणं असं आहे की या 'मनाचं आहे' वाक्यात चूक मन शब्दात नाहीये, चूक 'आहे' नंतर जो पूर्णविराम देतात त्यात आहे. मनाचा संबंध आहेच. पण तो असला म्हणजे प्रकरण संपलं, पेशंटने घरी जाऊन स्वतःच्या मनाला समजवावं आणि बाकी कुणी काही करायची गरज नाही, हा जो अर्थ काढला जातो तो साफ चुकीचा आहे, आणि सोयीचा आहे. डॉक्टरच्या सोयीचा, घरच्यांच्या सोयीचा, ऑफिसच्या सोयीचा आणि महापालिकेच्याही सोयीचा. शेवटचं जरा विचित्र वाटेल, येतो त्याच्यावर.

आधी आमच्या बाजूची चूक कबूल करतो. मी पण कित्येक वर्षं भांडत होतो की नाही नाही, माझं मनाचं नाहीच, पोटाचंच आहे. जणू मनाचं असलं तर मी खोटारडा ठरणार होतो. आयबीएसवाले बहुतेक सगळे हे भांडण लढतात आणि त्यात दोन-चार वर्षं आणि दोन-चार डॉक्टर खर्ची घालतात. पण पोट आणि मन असे दोन वेगळे वॉर्ड शरीरात नाहीतच. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, कोट्यवधी पेशींचं, आणि मेंदूपासून पोटापर्यंत जी मोठी व्हेगस नर्व्ह जाते तिच्यातले बहुतेक तंतू वरून खाली हुकूम नेणारे नसून खालून वर बातम्या नेणारे आहेत. तज्ज्ञांनी २०१६ मध्येच आयबीएससारख्या सगळ्या आजारांच्या गटाचं नाव बदलून 'आतडं आणि मेंदू यांच्या संवादातला बिघाड' असं केलं. लाइन खराब झाली तर फोन बदलून काय उपयोग, या टोकाचाही ठीक असतो आणि त्या टोकाचाही. दुर्बिणीत आतडं गुलाबी दिसतं ते म्हणूनच.

आणि दुखतं ते खरोखर दुखतं. १९७३ सालचा एक जुना प्रयोग आहे, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवायचा आणि कधी दुखतं ते विचारायचं. साठ मिलीलिटरला निरोगी लोकांपैकी शंभरात सहा जणांना दुखलं, आयबीएसवाल्यांपैकी पंचावन्न जणांना. फुगा तोच, हवा तेवढीच. आवाज वाढवून ठेवलेल्या रेडिओसारखं आहे हे, स्टेशन सगळ्यांना एकच लागतं पण आमच्याकडे कान फुटतात. आता "एवढ्याशा गॅसने काय होतंय" म्हणणाऱ्या माणसाला मी तो फुगा दाखवू शकत नाही ही माझी अडचण.

बरं, सुरुवात टेन्शननेच होते असंही नाही. कॅनडात ओंटारिओमध्ये वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला, शेणखताचं पाणी गावच्या विहिरीत उतरलं, क्लोरिनचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी नीट केलं नाही आणि नोंदी खोट्या लिहिल्या. २,३०० च्या आसपास लोक आजारी पडले, सात गेले. नंतर कित्येक वर्षं त्या गावकऱ्यांची तपासणी चालू ठेवली तेव्हा दिसलं की ज्यांना तेव्हा जुलाब-उलट्यांचा झटका आल्याची डॉक्टरी नोंद होती त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना पुढे आयबीएस जडला. म्हणजे आजाराचं मूळ गावाच्या नळात होतं. त्यांना जाऊन सांगायचं का टेन्शन घेऊ नका म्हणून? मला स्वतःला हे सुरू झालं ते एका लग्नानंतर, निम्मं वऱ्हाड आडवं झालं होतं, बाकीचे चार दिवसांत उठले आणि माझं पोट काही पूर्वीचं झालं नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात किती वॉर्डांत, किती वाड्यांत गढूळ पाणी येतं आणि किती जण 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून ओआरएस पिऊन गप बसतात, त्यातल्या किती जणांचं पोट पुढे दहा वर्षं कुरकुरतं याची मोजणी मी तरी कधी पाहिलेली नाही.

ऑस्ट्रेलियात लोकांना बारा वर्षांनी परत गाठून विचारलं, तेव्हा दोन्ही दिशा सापडल्या. सुरुवातीला ज्यांच्या मनात चिंता होती पण पोट ठीक होतं त्यांच्यात पुढे पोटाच्या तक्रारी जास्त निघाल्या, आणि ज्यांचं पोट बिघडलेलं होतं पण मन ठीक होतं त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्य जास्त निघालं. तिथल्याच संशोधकांच्या नंतरच्या एका अभ्यासात तर दोन्ही त्रास असलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांशांचं पोट आधी आणि मन नंतर, असा हिशोब लागला. २०२१ मध्ये ५३,४०० आयबीएसवाल्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात जे थोडेफार जनुकीय धागे सापडले त्यातले बरेचसे चिंता आणि नैराश्याच्या धाग्यांशी सामायिक होते, म्हणजे एकामुळे दुसरं असंच नाही, दोघांची पाळंमुळंच एका जमिनीत असू शकतात. तुम्ही घाबरट म्हणून पोट बिघडलं हा जो सरळ हिशोब घरी मांडतात तो या कशातच बसत नाही.

आणि गंमत बघा, आपल्याला हे नवीन नाहीच. चरकसंहितेत स्पष्ट म्हटलंय की मोजकं आणि पथ्याचं खाल्लं तरी चिंता, शोक, भय, राग आणि जागरण यांनी ते पचत नाही. मराठीत तर भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवतं, दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. एवढं सगळं भाषेत असून प्रत्यक्ष पोटात गोळा आलेला माणूस रजेचा अर्ज घेऊन आला की साहेब म्हणतात, "परत पोट?"

(इथे एक इशारा. हल्ली 'आतडं म्हणजे दुसरा मेंदू' म्हणत बाटल्या, कॅप्सुला आणि महागडं दही विकणारे फार झालेत. शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं हे खरंय, पण ते तिथून उठून मेंदूत जात नाही, वाटेत नाका आहे. त्यामुळे अमुक पावडर घेतली की आतडी खूश आणि मन खूश हे गणित विकणाऱ्याच्याच खिशात सुटतं.)

आता गोळीची गोष्ट. तिसऱ्या डॉक्टरांनी मला रात्री घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली, अमिट्रिप्टिलिन, दहा मिलीग्रॅम. मेडिकलवाल्याने पाकीट देताना आवाज बारीक करून विचारलं, "डिप्रेशन आहे का घरात कोणाला?" झालं. घरी आलो, नेटवर बघितलं, पाकीट कपाटात. सात महिने कपाटात. डॉक्टरांनी जर दोन वाक्यं जास्त बोलली असती की हे जुनं डिप्रेशनचं औषध आहे पण इतक्या कमी डोसला आपण ते आतड्याच्या नसांचा आवाज कमी करायला वापरतो, तर ते सात महिने वाचले असते. इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ पेशंटवर याची मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली, दहा ते तीस मिलीग्रॅमच्या डोसने खोट्या गोळीपेक्षा आयबीएस जास्त सुधारला, आणि चिंता-नैराश्याचे आकडे मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे गोळी मनावर चालली नव्हती, लाइनवर चालली होती. (उगाच स्वतःहून घेऊ नका, तिचेही त्रास आहेत, तोंडाला कोरड पडते, सकाळी डोळे उघडत नाहीत.) तसंच बोलण्याच्या उपचाराचं. आयबीएससाठी बनवलेली सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) फोनवरून दिली तरी उपयोग होतो असं २०१९ मध्ये इंग्लंडमध्येच दिसलं, संमोहनाचा उपयोग तर मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ मध्येच दाखवला होता. आपल्याकडे पोटाच्या डॉक्टरने मानसोपचाराची चिठ्ठी दिली की पेशंटला वाटतं मला वेडा ठरवला, आणि खरं सांगायचं तर चिठ्ठी दिलीही जाते त्याच सुरात.

पण सुरापेक्षा वेळेचा प्रश्न मोठा आहे. २००८ मध्ये अमेरिकेत २६२ आयबीएसवाल्यांवर एक अफलातून प्रयोग झाला. एका गटाला नुसतं वाट बघायला लावलं. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, पहिल्या भेटीत पाच मिनिटं, फार बोलायचं नाही. तिसऱ्यालाही तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण सुया टोचणारा पाऊण तास बसला, ऐकलं, कधीपासून त्रास आहे, तुम्हाला काय वाटतं कशाने होतं, असं सगळं विचारलं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात शंभरात २८, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सुई खोटीच होती दोन्हीकडे. पाऊण तास तेवढा खरा होता. आणि आपल्याकडे? जगभरातल्या डॉक्टरच्या भेटीची लांबी मोजली होती २०१७ मध्ये, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपण दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत "टेन्शन घेऊ नका" एवढंच मावतं. मी डॉक्टरांना शिव्या देत नाहीये, बाहेर ऐंशी नंबर बसलेत, ते तरी काय करणार. पण मग मला सांगा, हा आजार पेशंटच्या मनाचा की ओपीडीच्या रांगेचा?

खाण्याचं थोडक्यात सांगतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेला लो फोडमॅप आहार बऱ्याच जणांना लागू पडतो, कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा असं काही आठवडे थांबवायचं आणि मग एकेक परत आणून बघायचं की आपल्याला नक्की काय बाधतं. परत आणणं विसरायचं नाही, लोक थांबवतात आणि तिथेच राहतात, सुकतात. घरी मी कांदा-लसूण नको म्हटल्यावर आठ दिवस कुरबुर झाली, "आता तुझी वेगळी भाजी करायची का". मग आषाढी एकादशी आली, आईचा चातुर्मास सुरू झाला आणि सगळं घर चार महिने बिनकांद्याचं जेवलं, हूं नाही की चूं नाही.

आता महापालिकेवर येतो. माझी चिंता नक्की कशाची आहे हे मी एकदा कागदावर लिहून काढलं. मरणाची नाही, आजार वाढेल याची नाही. दहातल्या आठ ओळी एकाच गोष्टीच्या होत्या: कळ आली आणि संडास नसला तर. ही भीती कल्पनेतली आहे का? ही तर अगदी व्यवहारातली भीती आहे, लोकलमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमध्ये, तीन तासांच्या मीटिंगमध्ये ती खरी आहे. आणि भीतीने पोट सुटतं हे तर वर बघितलंच, म्हणजे संडास नाही म्हणून भीती, भीती म्हणून कळ, कळ म्हणून संडास. या चक्राची एक कडी माझ्या डोक्यात आहे, कबूल. पण दुसरी कडी रस्त्यावर आहे आणि ती मी प्राणायाम करून बांधू शकत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' वाल्या बायका साध्या लघवीच्या जागेसाठी भांडताहेत, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर हायकोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची योजना करा म्हणून सांगितलं, आणि अजून कुठल्याही बाईला विचारा, ती सकाळी घरातून निघताना पाणी पीत नाही. पाणी न पिता बद्धकोष्ठाचा आयबीएस कसा सांभाळतात हे त्यांनाच माहीत. पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या बायका जास्त दिसतात आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत पुरुष जास्त, याचं कारण आपल्या बायकांची आतडी पोलादी आहेत असं कुणाला वाटत असेल तर वाटो. मला वाटतं त्या दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

माझा भाचा स्पर्धा परीक्षा देतो. पेपर सुरू झाल्यावर पहिला काही वेळ हॉलबाहेर सोडत नाहीत म्हणून तो आदल्या रात्रीपासून काही खात नाही, आणि उपाशीपोटी गणितं चुकतो. कॉपी होऊ नये हे मलाही कळतं, पण सोबत एक माणूस पाठवून मुलाला पाच मिनिटं सोडणं इतकं अवघड आहे का? अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ मध्ये कायदा केला, दुकानात ग्राहकांसाठी संडास नसला तरी आतड्याचा आजार असलेल्या गिऱ्हाइकाला कर्मचाऱ्यांचा संडास वापरू द्यायचा, आणि त्या यादीत आयबीएसचं नाव आहे. ब्रिटनमध्ये पेशंट एक छोटं कार्ड खिशात ठेवतात, दाखवलं की बऱ्याच ठिकाणी प्रश्न न विचारता वाट दाखवतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हे नाही, आणि असावंच असा माझा हट्टही नाही. मला सर्टिफिकेट नकोय. मला कुर्ल्यापलीकडे कुठेही सकाळी आठ वाजता उघडा, कडी लागणारा, पाणी असलेला संडास हवाय. ऑफिसात मीटिंगमधून उठलो तर कुणी घड्याळाकडे बघू नये एवढं हवंय. लांब पल्ल्याच्या बसने ठरल्या ढाब्याआधी एकदा थांबावं म्हणून ड्रायव्हरची मनधरणी करावी लागू नये.

यावर एकजण म्हणाला की एवढ्याने काय तुझा आजार बरा होणार आहे का. नाही होणार बहुतेक. पण एक सांगतो. गेल्या मे महिन्यात कुडाळला गेलो, मांडवी एक्सप्रेसने. दादरलाच डबा भरलेला, उकाडा, समोरच्या बाकावर रडणारं पोर, सोमवारी ऑफिसात हिशोब द्यायचा होता ते टेन्शन वेगळं. पनवेलला वडापाव खाल्ला, रत्नागिरीला परत वडापाव खाल्ला, त्यात लसूण चटणी, जे मी एरवी शिवत नाही. दिवसभराचा प्रवास. कुडाळला उतरल्यावर बायको म्हणाली, "आज तू एकदाही उठला नाहीस." खरंच नव्हतो उठलो. डब्याच्या दोन्ही टोकांना संडास होते.